पाठ केलेलं स्वमत



एका जानेवारीत मी बहिणीकडे गेलो होतो. भाची तेव्हा दहावीला होती. संध्याकाळची वेळ. ओटीवर ती पुस्तक छातीशी धरून येरझारा घालत होती आणि डोळे मिटून पुटपुटत होती, "माझ्या मते पर्यावरणाचे संवर्धन ही काळाची गरज आहे. माझ्या मते पर्यावरणाचे संवर्धन..." मी सहज विचारलं, "काय चाललंय गं?" ती म्हणाली, "मामू, मध्ये बोलू नका ना! स्वमत पाठ करतेय."

मी हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानात वाजू लागलं. स्वमत म्हणजे स्वतःचं मत. ते पाठ करायचं आणि तेही दुसऱ्याचं? मुलगी हुशार आहे. घरात कुणाशीही कशावरही वाद घालते. तिला मतं नाहीत असं तिचा शत्रूही म्हणणार नाही. पण मराठीच्या पेपरात लिहायचं मत हे तिच्या डोक्यातल्या मतापेक्षा वेगळं असतं, ते गाईडात छापलेलं असतं, हे ती शिकली होती. हे तिला कुणी शिकवलं? माझं उत्तर आहे, परीक्षेनं शिकवलं. आज त्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं. लाट येते ती सगळ्यांना दिसते. पण लाट फुटून मागे फिरते तेव्हा ती पायाखालची वाळू ओढून नेते. तो ओढा दिसत नाही, नुसता तळव्यांना जाणवतो. परीक्षेचं तसंच आहे. परीक्षा असते मार्चमध्ये, पण तिचा ओढा जूनपासूनच वर्गात सुरू होतो. पेपरात काय येणार यावरून वर्गात काय शिकवायचं ते ठरतं आणि मुलानं वहीत काय लिहायचं तेही ठरतं. भाषेच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या जगभरातल्या मंडळींनी याला नावही समुद्राचंच दिलं आहे. ते याला 'बॅकवॉश' किंवा 'वॉशबॅक' म्हणतात. ही काळजी आजची नाही. केंब्रिजच्या हेन्री लेथम यांनी १८७७ मध्ये परीक्षांच्या परिणामांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं. परीक्षा हळूहळू शिक्षणाची जागा बळकावत जाते, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे आपल्याकडे मॅट्रिकची परीक्षा बाळसं धरत होती, तेव्हाच तिकडे हे दुखणं ओळखलं गेलं होतं.

माझ्यापासून सुरुवात करतो. शाळेत असताना निबंधाला हमखास येणारा विषय होता 'माझा आवडता सण'. माझा आवडता सण ईद. पहाटे उठून, नवे कपडे घालून, अब्बांचं बोट धरून ईदगाहकडे जाण्याची ती वाट, परतल्यावर शीरखुर्म्याचा वास, मग शेजारच्या घरांत वाट्या पोचवण्याची आमची पळापळ. पण मी निबंध लिहिला दिवाळीवर. कारण सरळ होतं. निबंधाच्या पुस्तकात दिवाळी होती, ईद नव्हती. उटण्याचा सुगंध, पणत्यांची आरास, फराळाची ताटं, सगळं ओळीनं लिहिलं आणि चांगले गुण मिळवले. ते सगळं खोटं नव्हतं. शेजारच्या अंगणात मातीचा किल्ला करताना माझेही हात बरबटलेले असत. कुणी मला ईदवर लिहू नकोस असंही म्हटलं नव्हतं. माझं मीच ठरवलं की पेपरात चालते ती दिवाळी. आपल्या घरातली गोष्ट परीक्षेच्या भाषेत बसत नाही, हा धडा कुठल्याही पुस्तकात नव्हता आणि तोच मला सर्वांत पक्का पाठ झाला. पुढे कविता लिहू लागलो तेव्हा तो विसरायला मला बरीच वर्षं लागली.

आणि तरीही श्रोतेहो, गंमत पाहा. मोठा झाल्यावर हाच धडा मी दुसऱ्याला शिकवला.

बी.ए. झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही काही वर्षं, मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत असे. त्यात एका मच्छीमाराची मुलगी होती. मी 'पावसाळा' हा निबंध लिहून आणायला सांगितला. तिनं लिहिलं होतं की आमच्या घरात सात ठिकाणी गळतं. आई सात भांडी मांडते. प्रत्येक भांड्यात पाण्याचा आवाज वेगळा येतो. रात्री दिवा गेला तरी आवाजावरून आम्हाला कळतं कुठलं भांडं भरत आलंय, मग जो जागा असेल तो उठून ते ओततो.

मी काय केलं? लाल पेन घेतलं आणि त्यावर काट मारली. तिला म्हटलं, हे घरचं झालं, परीक्षेत असं चालत नाही. मग मी तिला लिहून दिलं, 'ग्रीष्माच्या काहिलीने त्रस्त झालेल्या सृष्टीला वर्षा ऋतू नवसंजीवनी देतो...' पुढे इंद्रधनुष्य, पुढे थुईथुई नाचणारा मोर. आमच्या किनाऱ्यावर तिनं किती मोर पाहिले होते ते अल्लाच जाणे. तिनं ते मुकाट्यानं पाठ केलं. मराठीत तिला छान गुण पडले. तिच्या बापानं मला बांगडे आणून दिले. मी स्वतःला कवी म्हणवतो आणि समोर आलेली कविता मला ओळखता आली नाही. खरं सांगायचं तर ओळखता आली होती, म्हणूनच भीती वाटली. तिचे गुण गेले असते तर?

ही भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. पेपर तपासणाऱ्याची जागा घेऊन पाहा. समोर गठ्ठा, हातात नमुना उत्तरं, वेळ थोडा. निबंधाला गुण देणं हे वजनकाट्यावर मासे मोजण्याइतकं सोपं नाही. फिलिप हार्टोग हे नाव आपल्या शिक्षणाच्या इतिहासात १९२९ च्या हार्टोग समितीमुळे येतं. त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी इंग्लंडमध्ये १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेणारा एक अहवाल प्रसिद्ध केला. एकाच उत्तरपत्रिकेला वेगवेगळे परीक्षक वेगवेगळे गुण देतात, इतकंच काय, तोच परीक्षक तीच उत्तरपत्रिका बऱ्याच महिन्यांनी तपासतो तेव्हाही गुण बदलतात, हे त्यातून समोर आलं. मग यावर उपाय काय? तर मोजता येईल तेवढंच विचारायचं. मुद्दा आला, अर्धा गुण. म्हण आली, अर्धा गुण. अशा तपासणीत मोर सुरक्षित असतो. सात भांड्यांचं काय करायचं हे नमुना उत्तरात लिहिलेलं नसतं.

मग परीक्षाच नकोत का? असं मी म्हणणार नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला कळत नाही की पोरगा कुठल्या मोहल्ल्यातला आहे, कुठल्या वाडीतला, बाप काय करतो, घरात कोणती भाषा बोलतात. ज्यांना ओळखपाळख नाही, शिफारस करणारा काका-मामा नाही, त्यांच्यासाठी तो बैठक क्रमांक ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी ती दारं बंद पाहिली आहेत त्यांना विचारा. माझ्यासारखे कितीतरी जण त्याच क्रमांकाच्या आधारानं पुढे आले. म्हणूनच परीक्षेत काय विचारलं जातं याची मला जास्त काळजी वाटते. जे दार सर्वांसाठी उघडं आहे, त्यातून आत जाताना मुलाला आपली जीभ बाहेर ठेवावी लागू नये.

आता कुणी म्हणेल, अहो, पेपर तर बदलला ना! बदलला, आणि चांगल्या हेतूनं बदलला. महाराष्ट्रात दहावीला २०१८-१९ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि भाषांच्या प्रश्नपत्रिकेची झाली कृतिपत्रिका. 'कोण कोणास म्हणाले' आणि 'संदर्भासह स्पष्टीकरण' हे आमच्या वेळचे पाहुणे गेले. आकलनाच्या कृती आल्या, आकृतिबंध आले, न वाचलेला उतारा आला, बातमी-जाहिरात-पत्र असं रोजच्या उपयोगाचं लेखन आलं. आणि आलं स्वमत. पाठांतराला चाप बसावा, मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहावं, ही त्यामागची इच्छा.

मग झालं काय? गाईडं काही दुकानातून उठली नाहीत. त्यांनीही नवं रूप घेतलं. प्रत्येक धड्याखाली 'स्वमत' असा मथळा आणि खाली तयार मत. पूर्वी मुलं लेखकाचं म्हणणं पाठ करायची, आता स्वतःचं म्हणणं पाठ करतात. भाचीची येरझारा चालली होती ती याचीच.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. शेजारच्या श्रीलंकेत ऐंशीच्या दशकात इंग्रजीची शालान्त परीक्षा नव्यानं आखली गेली, जोडीला नवी पुस्तकं आली. शिकवण्याची पद्धत बदलावी हा उद्देश होता. इंग्लंडच्या लँकॅस्टर विद्यापीठातले डायॅन वॉल आणि चार्ल्स आल्डरसन यांनी वर्गावर्गांत निरीक्षणं करवून त्याचा अभ्यास केला. १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना असं आढळलं की परीक्षेमुळे काय शिकवलं जातं ते बदललं, पण कसं शिकवलं जातं ते बदललं नाही. परीक्षा जवळ आली की पुस्तक बाजूला आणि सरावाचे पेपर पुढे. शिक्षक मनानं वाईट होते म्हणून असं झालं नाही. वेगळं शिकवायचं म्हणजे नेमकं कसं, हे प्रश्नपत्रिका सांगू शकत नाही. त्यासाठी शिक्षकाला तयारी हवी, वेळ हवा आणि वर्गात आवाक्यातली मुलं हवीत.

हे ऐकलं आणि मला आपली कृतिपत्रिका आठवली. नव्या बाटलीचं झाकण आपण बदललं, पण ओतणारा हात तोच राहिला. साठ-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकानं प्रत्येकाचं वेगळं मत ऐकायचं तरी केव्हा? त्यापेक्षा फळ्यावर एक मत लिहून देणं सोपं.

बोलण्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. दहावीला भाषा विषयांत लेखी ८० गुण आणि तोंडी परीक्षेसारख्या गोष्टींचे २० गुण शाळेच्या हातात, अशी व्यवस्था बरीच वर्षं होती. हे २० गुण कसे वाटले जात, ते दहावी झालेल्या कुठल्याही मुलाला विचारा. बहुतेकांना आपण काय बोललो होतो ते आठवणार नाही, कारण बोलायची वेळ फारशी आलेलीच नसते. मार्च २०१९ च्या परीक्षेला हे गुण काढून टाकले आणि पेपर १०० गुणांचा झाला. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये निकाल होता ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. एकदम १२ टक्क्यांहून जास्त घसरण. ओरड झाली. दुसऱ्या मंडळांच्या मुलांना असे गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमच्याच मुलांनी का मागे पडावं, हा प्रश्न रास्त होता. त्याच वर्षी ते २० गुण परत आणायचं ठरलं आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय तोंडी गुणांना देता येणार नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. गुण गेले तेव्हा आपण गुणांसाठी हळहळलो. गुण आले तेव्हा हुश्श केलं. या दोन वर्षांत आमची मुलं वर्गात बोलतात की नाही, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक उदाहरण. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा असते १०० गुणांची. पर्याय निवडायचे. त्यात मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. गावोगावच्या अकादम्यांमध्ये पोरं पहाटे धावतात आणि दुपारी समास, प्रयोग, अलंकार घोकतात. तत्पुरुष आणि बहुव्रीही ओळखण्याच्या युक्त्या त्यांना तोंडपाठ असतात. चांगलं आहे, व्याकरण यायलाच हवं. पण उद्या तोच पोरगा ठाण्यात टेबलामागे बसेल. समोर एखादी म्हातारी रडत रडत सांगेल की काय घडलं. ते ऐकून, तिच्या बोलण्यातला क्रम लावून, तिचा अर्थ न बदलता फिर्याद लिहून घ्यायची आणि तिला वाचून दाखवायची, हे त्याचं खरं मराठी. ते चार पर्यायांत कुठे आहे? जे विचारलं नाही ते अकादमी का शिकवेल?

याची दुसरी बाजूही खरी आहे. २०२० साली कायदा करून महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. पण दुसऱ्या मंडळांच्या एका तुकडीसाठी २०२३ मध्ये अशी सवलत दिली गेली की मराठीला गुणांऐवजी श्रेणी द्यायची आणि ती एकूण निकालात धरायची नाही. मुलांना एकदम बोजा होऊ नये हे कारण समजण्यासारखं आहे. पण जो विषय निकालात धरला जात नाही, त्याचं दप्तरातलं पुस्तक किती कोरं राहतं, हे आईबापांना सांगायला नको. म्हणजे परीक्षा असली तरी पंचाईत आणि नसली तरी पंचाईत.

मग करायचं काय? मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पण शब्दांशी रोजचा व्यवहार असलेला माणूस म्हणून दोन-तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, उपप्रश्न. परदेशी जाण्यासाठी आमच्याकडची कितीतरी मुलंमुली आयेल्ट्सची परीक्षा देतात. त्यात परीक्षक समोर बसून ११ ते १४ मिनिटं उमेदवाराशी बोलतो. मुलं त्यासाठीही पाठ करून जातात, तो आपला स्वभावच आहे. पण समोरचा माणूस तुमच्या उत्तरातलाच शब्द पकडून पुढचा प्रश्न विचारतो आणि तिथे पाठांतर संपतं. म्हणून त्या परीक्षेचे क्लास घेणाऱ्यांनाही मुलांना बोलतं करावंच लागतं. आपल्या तोंडी परीक्षेच्या २० गुणांत असं पाच मिनिटांचं खरं बोलणं बसवता येईल. पर्यावरणावर मत सांगितलंस ना? मग तुझ्या गल्लीतलं गटार कुठे जातं ते सांग. बस, एवढंच.

दुसरी गोष्ट, प्रश्नाला पत्ता द्यावा. 'पावसाळा' असा विषय दिला की मोर येतो. 'पावसात तुमच्या घरात कोणता आवाज येतो' असं विचारलं की गाईडाला घरात शिरता येत नाही. अशा उत्तराला गुण कसे द्यायचे, ते तपासणाऱ्यालाही नीट शिकवावं लागेल. त्याच्या हातातले गठ्ठेही कमी करावे लागतील. हे खर्चाचं काम आहे, मला माहीत आहे. पण नाहीतर आपण स्वस्तात जे मोजतो ते काय, ते तुम्ही आताच ऐकलंत.

तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे. मुलानं घरी येऊन निबंध दाखवला तर आधी शुद्धलेखन पाहू नका. आधी विचारा, यातलं तुझं कोणतं?

शेवटी त्या मुलीबद्दल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं आणि पत्रे उडाले. पुढे काही महिन्यांनी एक बाई दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "सर, ओळखलंत? तुमच्याकडे दहावीला होते." नुकसानभरपाईच्या यादीत तिचं नाव आलं नव्हतं. तिला तहसीलदारांच्या नावे अर्ज हवा होता. म्हणाली, "सर, तुम्हीच लिहून द्या, मला तसलं लिहायला जमत नाही."

पत्रलेखनाला तिला किती गुण होते ते मला आठवत नव्हतं, पण चांगले होते. मायना, विषय, 'महोदय', 'आपली विश्वासू', सगळं तिला तेव्हा पाठ होतं. पण आज स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा ती मला शोधत आली, कारण आपलं मराठी चालत नाही हे मीच तिला एकदा लाल पेनानं सांगितलं होतं.

मी तिला बसवलं. कागद आणि पेन तिच्या हातात दिलं. म्हटलं, "काय झालं ते सांग आणि सांगतेस तेच लिही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग सांगू लागली. सकाळी वारा कुठून आला, पहिला पत्रा कुठल्या बाजूचा उडाला, मुलांना घेऊन ती कुठल्या भिंतीला धरून बसली, तांदळाचं पिंप कसं भिजलं. अडखळत, थांबत तिनं ते लिहिलं. मी मायना तेवढा नीट केला. बाकी एका शब्दाला हात लावला नाही.

जाताना तिनं विचारलं, "सर, हे चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल. तेव्हाही चाललं असतं."

तिला ते वाक्य कळलं की नाही, मला माहीत नाही. पण मला ते म्हणायचं होतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)